अक्षराचा भाव

सावद्याला केळीच्या वखारीमागे
ट्रक उभे राहायचे, आमच्याकडे पाठ करून.
बापू त्या पाठींवर लिहायचा.
अक्षराला चार रुपये, काना-मात्रा फुकट,
जोडाक्षराला सहा. त्यात ब्रश अडकतो, म्हणायचा.
मी सुतळीला खडू फासून रेघ मारून द्यायचे
आणि बोटांवर हिशेब.

महाल तीन. राजवाडा चार.
विष दोन.
विष स्वस्त, म्हणून सगळ्यांना परवडतं,
असं मला तेव्हा खरंच वाटायचं:
उधारी विष, संगत विष, मेव्हण्याचं हसणं विष.
महाल क्वचितच. कुणी नवी गाडी काढली,
पेढे वाटले, तरच.

सुपडू साक्रीकडचा. तो दोन्ही घेऊन आला.
"मनी माय म्हणे, महालमा जहर बी गोड लागस."
कुठला महाल पाहिला तुझ्या मायनं?
"महाल कशाना? ती वाटी बी इसरी जाये कुठे ठेवी ते."
बापू हसला. मग गंभीर होऊन
छापील मराठीत उतरवलं त्यानं,
इंदूरच्या पुढे ते कुणाला वाचता येणार नव्हतं तरी:

महालात विष गोड लागतं

अकरा अक्षरं, चव्वेचाळीस रुपये,
सुपडूनं चाळीस दिले आणि एक फणी केळी.
महाल पिवळ्यानं, उन्हात सोन्यासारखा पेटलेला.
विष लालनं.
बाकीचं पांढऱ्यात, कारण पांढरा उरला होता.
म च्या गाठीला, ल च्या वेलांटीला बारीक टोक हवं.
बापू ब्रश ओठांत धरायचा, जिभेवर फिरवायचा,
आई सुईत दोरा ओवताना करायची तसं.
पिवळ्याला जास्त टोक लागायचं. महाल आहे, म्हणायचा,
महाल जाड अक्षरात शोभत नाही.

तीन वैशाख गेले. रावेरापासून दिल्लीपर्यंतचं ऊन
त्या फळीवर बसून गेलं.
ऊन आधी लाल खातं, हे बापूला ठाऊक होतं,
सांगायचा राहिला होता.
सुपडू परत आला तेव्हा पाठीवर उरलं होतं

महालात      गोड लागतं

आणि मधे दोन अक्षरांएवढी उघडी फळी.
"हायी जागा ऱ्हाऊ दे, दादा," सुपडू म्हणाला.
ढाब्या-ढाब्यावर लोक विचारतात, मधे काय होतं?
कुणी म्हणतं झोप. कुणी म्हणतं ताक.
मथुरेला एक पोरगं उभ्याउभ्या म्हणालं, पाणी.
एका म्हाताऱ्या क्लीनरनं काहीच सांगितलं नाही,
नुसता हात फिरवला त्या जागेवरून.
"फक्त चौकट मारी दे."
चौकटीचा भाव बापूकडे नव्हता.
बराच वेळ तो अंगठ्यानं फळी चोळत बसला.

मधे काय होतं ते त्यालाही आठवेना.
मला आठवत होतं. मी सुतळी गुंडाळत राहिले.

चौकट मारायला त्यानं ब्रश उचलला
आणि मनगट खाली लोंबलं, ओल्या फडक्यासारखं.
हसून त्यानं डाव्या हातानं उजवा हात धरला,
रेघ तरीही सरळ आली नाही.
भुसावळच्या डॉक्टरनं हिरड्या पाहिल्या,
निळसर कड दाखवली मला,
विचारलं, कोणता रंग जास्त वापरतात?
मी म्हटलं, लाल.
का म्हटलं कोण जाणे.
मग म्हटलं, पिवळा. महालाला पिवळाच लागतो.

घरी आलो. कोपऱ्यात डबे होते.
लाल डब्यावर झाकण घट्ट.
पिवळ्यावर साय धरलेली, जाड, चकचकीत,
बोट लावलं तर दबायची, फुटायची नाही.
बापू म्हणाला, ते राहू दे,
अजून एका महालापुरतं आहे त्यात.
मी झाकण शोधत बसले.